ओट्याची कड

मोतीबाईला पांढरं स्वयंपाकघर हवं होतं, आणि तिच्या लेखी पांढरं म्हणजे नुसतं पांढरं नव्हे. दातांच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं कॅपा आणि कवळ्या घडवून तिची नजर अशी तयार झाली होती, की पांढऱ्याच्या सोळा छटा तिला लांबून ओळखू येत. तिच्या हातचे दात मोत्यासारखे दिसतात म्हणून सहकाऱ्यांनी तिला हे नाव ठेवलं आणि नवऱ्यानं ते उचलून घरी आणलं. दगडाच्या दुकानात पहिला नमुना तिनं ‘हा दिवसाला दहा कप चहा पिणाऱ्याचा पांढरा’ म्हणून बाजूला सारला. दुसऱ्याला ‘हा आजारी दिसतो’ म्हणाली. दुकानदारानं नकळत ओठ मिटून घेतले. तिसरा मात्र तिला बघताक्षणी पटला.

जुनं स्वयंपाकघर म्हणजे एक बोळ होता. एक माणूस आत शिरला की दुसऱ्यानं दारात उभं राहून बोलायचं. गेल्या वर्षी तिनं प्रयोगशाळेतल्या बारा जणांना हौसेनं जेवायला बोलावलं आणि ती सगळी संध्याकाळ तिनं त्या बोळात काढली. भिंतीपलीकडे माणसं हसत होती. मधूनच कुणीतरी दार उघडून ‘आत काय करतेस, बाहेर ये की’ म्हणायचं, एक भरलेली थाळी उचलायचं आणि दार लोटून निघून जायचं. सगळ्यात गमतीचा किस्सा कुठला झाला हे तिला दुसऱ्या दिवशी कामावर कळलं. त्याच दिवशी तिनं ठरवलं, की ही भिंत जाणार. हॉल आणि स्वयंपाकघर एक होणार, मधोमध मोकळा ओटा येणार, त्याला चार उंच स्टुलं लागणार, आणि ती कांदा चिरता चिरता लोकांशी बोलणार.

नवरा औषधांच्या कंपनीत होता, आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. तो म्हणाला, तुला हवं तसं कर. नऊ वर्षांच्या छोटीला उंच स्टुलांचं वेड लागलं. अडले ते अप्पा, तिचे सासरे.

सासूबाई गेल्यावर अप्पा यांच्याकडे राहायला आले, त्याला चार वर्षं झाली होती. आल्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. सकाळचा चहा त्यांचा, छोटीचा डबा त्यांचा, दुपारी तिला शाळेतून आणून गरम काहीतरी खाऊ घालणं त्यांचं. त्यांच्या जिवावर आपण दोघं निर्धास्त नोकऱ्या करतो, हे मोतीबाई चारचौघांत बोलून दाखवायची. आणि कधी कशाला नाही न म्हणणारा हा माणूस या एका गोष्टीत हटून बसला.

सरळ नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. अप्पा उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत आले होते, त्यामुळे त्यांच्याकडे कारणांचा तोटा नव्हता. भिंतीतून नळ गेलाय. मधल्या ओट्याखालून सांडपाण्याचा उतार मिळणार नाही. फोडणीचा धूर पडद्यांत बसेल. तिनं आराखडा समोर धरला की म्हणायचे, ठेव तिथं, बघतो सावकाश. दोन दिवसांनी कागद जिथल्या तिथं, आणि तोंडी नवीन हरकत तयार.

“यांना माझ्या घरी माणसं यायला नको आहेत,” ती नवऱ्याला फोनवर म्हणाली. नवरा म्हणाला, वय झालंय, बदल सोसत नाही, मनावर घेऊ नकोस. तिनं मनावर घेतलं. सुतार बोलावला आणि भिंत पाडायचा दिवस ठरवून टाकला.

भिंत पडली आणि घराची घडी पार विस्कटली. मागच्या खोलीत एका टेबलावर विजेची शेगडी आली, भांडी पलंगाखाली गेली, मीठ सापडलं तर चमचा सापडेना. धूळ तर दातांखाली कचकचायची. पण सगळ्यात जास्त पिसाटले अप्पा. त्यांना एका जागी बसवेना. या खोलीतून त्या खोलीत, तिथून अंगणात, पुन्हा आत. कुणी खुर्ची हलवली की ओरडायचे. छोटीचं दप्तर वाटेत दिसलं, म्हणजे पायाला लागलं, की तिला बोलायचे, आणि पूर्वी त्यांनी तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. आठवड्याभरात त्यांच्या हातून तीन कप फुटले. सुताराला तर त्यांनी हैराण केलं. तो मापं घ्यायला लागला की हे शेजारी जाऊन उभे. किती, किती आलं, परत एकदा घे.

सुतार मुलखाचा मितभाषी होता. तो परत एकदा माप घ्यायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा.

एका सकाळी मोतीबाई लवकर उठली, तर अप्पा त्या मोडक्या स्वयंपाकघरात भिंतीला दोन्ही तळवे लावून उभे होते. तिला पाहून म्हणाले, ओल आहे का बघत होतो. तिला वाटलं, सासूबाईंची आठवण येत असेल. मग लक्षात आलं, की सासूबाई या घरात राहिल्याच नव्हत्या. म्हणजे राग आपल्यावरच. तो काटा तिच्या मनात दिवसभर सलत राहिला. प्रयोगशाळेत तिनं एका समोरच्या दाताला चुकीची छटा दिली आणि कॅप परत आली. अठरा वर्षांत असं बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालं होतं.

पांढरा दगड बसला तो शनिवारचा दिवस. सहा माणसांनी घामाघूम होऊन तो आत आणला, सुतारानं पातळी तपासली, आणि मोतीबाईनं ओल्या फडक्यानं तो असा पुसला, की खिडकीतला उजेड त्यावर सांडल्यासारखा पसरला. खालची लादी पांढरी, कपाटांची दारं पांढरी, ओटा पांढरा. तिचं मन भरून आलं. अप्पांवरचा राग तिनं गिळला आणि त्यांना हाक मारली.

अप्पा हातात चहाचा कप घेऊन आले. दगडासमोर उभे राहिले.

“कसा वाटतो, अप्पा?”

“छान. स्वच्छ आहे अगदी,” ते म्हणाले आणि त्यांनी कप ओट्यावर ठेवला.

फक्त ओटा तिथं नव्हता. तो चार बोटं पुढे होता. कप सरळ खाली गेला, फुटला, आणि गरम चहा त्यांच्या पायावर उडाला.

“ओटा कुणी सरकवला?” अप्पा म्हणाले.

जो दगड सहा माणसांनी आणला, तो कोण सरकवणार? सुतार गुडघ्यावर बसला होता. त्यानं एकदा मोतीबाईकडे पाहिलं, मग पाठ वळवून काचा वेचायला लागला. मोतीबाईनं अप्पांना धरायला हात पुढे केला. तो हात त्यांच्या उजव्या खांद्यापाशी होता, अगदी जवळ, आणि दंडाला बोटं लागेपर्यंत अप्पांना त्याचा पत्ता नव्हता. बोटं लागली तसे ते दचकले.

तिनं त्यांना मोरीत नेलं, पायावर गार पाणी सोडलं, मलम लावलं. खोलीत आणून पलंगावर बसवलं आणि मग समोर स्टूल ओढून विचारलं.

“अप्पा, तुम्हाला किती दिसतं?”

“पेपर वाचतो की रोज. तुझ्यासमोर वाचतो.”

“ते नाही विचारलं मी.”

अप्पांनी दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून बोटांचं एक कडं केलं, बशीएवढं.

“एवढं. समोरचं. बाकी नाही.”

“बाकी अंधार?”

“अंधारसुद्धा नाही गं. बाकी काही नाहीच.”

काचबिंदू होता. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येणार नाही, औषधाचे थेंब नेमानं घातले तर उरलेली टिकेल. थेंबांची बाटली त्यांच्या जुन्या कंपासपेटीत होती. त्या पेटीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. मुलालाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत होतं,” ते म्हणाले. “शेगडी काढून घेतली असती. खिडकीशी खुर्ची टाकून दिली असती. ते जुनं स्वयंपाकघर बरं होतं, सूनबाई. अरुंद होतं. दोन्हीकडे हात लागायचे. इकडे शेगडी, तिकडे फळी, मागे मोरी. मी त्यात चुकूच शकत नव्हतो. तू भिंत काढतेस म्हणालीस तेव्हा मला झोप लागेनाशी झाली.”

इतके दिवस ज्या माणसावर आपण मनातल्या मनात दात-ओठ खात होतो, तो भिंत चाचपत फिरत होता. ती त्यांचा हात हातात घेणार होती. तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर शाळेबाहेरचा रस्ता आला, चार पदरी, आणि ती जागच्या जागी गार पडली.

“तुम्ही रोज छोटीला घेऊन रस्ता ओलांडता.”

“सिग्नलला थांबतो. दोन्हीकडे पुरती मान वळवून बघतो. तुमच्याहून जास्त वेळ बघतो.”

“आणि बघून झाल्यावर बाजूनं काही आलं तर? तीन वर्षं, अप्पा. तीन वर्षं तुम्ही माझ्या मुलीचा हात धरून…”

अप्पांनी मान खाली घातली. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असे. याला नव्हतं.

सोमवारपासून शेजारीण छोटीला आणू लागली. छोटीनं आधी रडून घेतलं. मग म्हणाली, अप्पांची तब्येत बरी नसेल तर मी त्यांना घेऊन येते. नवरा फिरतीवरून धावत आला, त्यानं बापाला डॉक्टरकडे नेऊन आणलं आणि ऐकून आला तेच, की आहे तेवढं सांभाळा. बायकोसमोर बापाची बाजू आणि बापासमोर बायकोची बाजू घेता घेता बिचाऱ्याचं चाळणीत पाणी भरणं चाललं होतं, आणि शेवटी तो पुन्हा फिरतीवर गेला.

अप्पांनी स्वयंपाकाला हात लावायचं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच सोडलं. खिडकीशी खुर्ची त्यांनी आपली आपण ओढून घेतली. पण बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बसायचे, उठायचे, दोन पावलं जाऊन परत यायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, मी बहिणीकडे जातो राहायला. बहीण पंच्याहत्तरीची, तिसऱ्या मजल्यावर एकटी, स्वतःच काठी घेऊन चालणारी. त्यांनी पिशवी काढली आणि सदऱ्यांच्या घड्या घालायला घेतल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. मोतीबाई दारात उभी राहून बघत होती. नका जाऊ म्हणावं तर जीभ रेटेना, कारण राग अजून गेला नव्हता. जा म्हणावं तर त्याहून रेटेना.

इकडे सुताराचं काम थांबलं होतं. त्यानं दोनदा विचारलं, ताई, स्टुलांच्या बाजूचं लाकूड लावू का? दोन्ही वेळा ती म्हणाली, उद्या सांगते. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांना निरोपाचं जेवण आपल्या घरी द्यायचं मोतीबाईनं केव्हाच कबूल केलं होतं. तीन आठवडे उरले होते. नव्या स्वयंपाकघराकडे बघावंसं तिला वाटत नव्हतं.

शुक्रवारी ती कामावर एका दाढेचा साचा घेऊन बसली. पांढऱ्या प्लास्टरची दाढ, तिच्यावर पांढरी कॅप चढवायची. या धंद्यात कॅप कुठं संपली पाहिजे ते चुकलं की सगळं चुकतं, म्हणून दाढेच्या कडेनं आधी लाल पेन्सिलीची बारीक रेघ मारून घेतात. तिनं रेघ मारली आणि तिचा हात थांबला. ही रेघ तिलाही लागत होती. शाबूत डोळे, वर दिवा, दिव्याखाली भिंग, आणि तरी पांढऱ्यावर पांढऱ्याची कड तिला रेघेशिवाय दिसत नव्हती. अठरा वर्षांत एकही दिवस दिसली नव्हती.

अर्धी रजा टाकून ती घरी आली. पिशवी अजून पलंगावरच होती. तिनं टेबलावर कोरा कागद, पट्टी आणि पेन्सिल मांडली आणि अप्पांना बोलावलं.

“स्वयंपाकघर नव्यानं आखायचंय. तुम्ही सांगा.”

“माझ्याच्यानं आता रेघ सरळ यायची नाही.”

“रेघ मी मारते. तुम्ही सांगा नुसतं. आणि रस्त्याचं मी विसरलेली नाही, हे पण सांगून ठेवते. ते वेगळं.”

“विसरू नकोस,” अप्पा म्हणाले. थोडा वेळ त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “पट्टी नीट धर. तिरकी धरली आहेस.”

त्या दुपारी तिला कळलं, की पाणीपुरवठा खात्यातले धाकटे नकाशेवाले अप्पांना का टरकून असत. तिनं चार वेळा खोडलं. अप्पांना मधला ओटा नकोच होता, तो भिंतीला लावा म्हणाले. ती म्हणाली, ओटा मधेच राहील, माझी माणसं तिथं बसणार आहेत, मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहणार नाही. दोघांचे आवाज चढले. छोटी शाळेतून आली, तिनं दोघांकडे बघितलं आणि न सांगता दप्तर खुंटीला अडकवून आली. शेवटी जमलं ते असं, की मधला ओटा मधेच राहायचा, पण एका टोकानं भिंतीच्या ओट्याला जोडून टाकायचा. म्हणजे शेगडीपासून निघालेला हात कुठंही न सुटता जेवणाच्या टेबलापर्यंत पोचला पाहिजे. शेगडीची बटणं समोर, वर नव्हे. लादी करड्या रंगाची. आणि सगळ्या दगडाला कडेनं गडद लाकडाची पट्टी, बोटाला लागेल अशी किंचित वर उचललेली.

सुतारानं कागद पाहिला, डोकं खाजवलं. म्हणाला, दगड कापलेला आहे ताई, जोड दिसणार. ती म्हणाली, दिसू दे.

“आणि काळी कड या पांढऱ्यावर उठून दिसेल हो. डोळ्यांत खुपेल.”

“खुपायलाच हवी आहे.”

मग सुतार एकदम म्हणाला, की मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. काकांना बाजूनं पेन्सिल दिली तर घ्यायचे नाहीत, समोरून दिली तर घ्यायचे. पण म्हटलं, लोकांच्या घरातली गोष्ट, आपण कशाला तोंड घाला. म्हणून मापं मोठ्यानं सांगत होतो. एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला आणि काम संपेपर्यंत त्याच्या तोंडून दुसरं लांब वाक्य निघालं नाही.

पिशवी केव्हा रिकामी झाली ते मोतीबाईनं विचारलं नाही. शाळेतून आणायचं काम शेजारणीकडेच राहिलं. त्यावर दोघांत पुन्हा बोलणं झालं नाही, पण साडेतीनच्या सुमाराला अप्पा फाटकापाशी जाऊन उभे राहत, आणि ते बघताना तिला प्रत्येक वेळी आपण काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटे. तरी तिनं ते परत दिलं नाही.

निरोपाच्या जेवणाला चौदा माणसं आली. नव्या स्वयंपाकघराचं कौतुक झालं. काळ्या कडेबद्दल एकीनं विचारलं, ही हल्लीची पद्धत आहे का? मोतीबाई कांदा चिरत होती आणि खरोखरच सगळ्यांच्या मधे उभी होती. किस्से तिच्या कानांवर पहिल्यांदा पडत होते. अप्पा शेगडीशी सूप ढवळत होते.

आणि मोकळ्या स्वयंपाकघरात माणसं जे करतात तेच ही माणसं करत होती. स्टुलं इकडची तिकडे नेत होती, ओट्याच्या कडेला पेले ठेवत होती, बोलता बोलता वाटेत उभी राहत होती. अप्पांनी सुपाचं पातेलं उतरवलं आणि एक हात कडेवर ठेवून निघाले, तर कडेवर कुणाची तरी पर्स होती. ते थांबले. ती पर्स चाचपून पुढे सरकले, तर पायाला स्टूल लागलं. मोतीबाईच्या हातातली सुरी थांबली. ती पुढे होणार, तेवढ्यात अप्पांनी घसा साफ केला.

“मंडळी, जरा ऐका. मला बाजूचं दिसत नाही. समोरचं तेवढं दिसतं. तेव्हा स्टूल जिथून उचललं तिथं परत ठेवा, आणि ही काळी कड मोकळी ठेवा. ती माझी आहे.”

मोठ्या बाई स्वतः उठल्या आणि त्यांनी स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. एकानं पर्स उचलली. गप्पा हळूहळू पुन्हा सुरू झाल्या, आधी जरा दबक्या, मग नेहमीसारख्या.

मोतीबाई मात्र पूर्वीसारखी होईना. ती हसत होती, उत्तरं देत होती, पण तिचे डोळे राहून राहून शेगडीकडे जात. ज्योत किती मोठी आहे, बाही किती सैल आहे, हात कुठं आहे. अप्पांना तिकडून ती दिसणं शक्य नव्हतं. तरी ते तिच्याजवळ आले, अगदी समोर आले, आणि हळूच म्हणाले, “तू अशी टक लावून बसलीस की माझा हात थरथरतो. बस जा त्यांच्यात. काही लागलं तर हाक मारीन.”

“नक्की माराल?”

“मारीन म्हणतोय ना.”

ती जाऊन मोठ्या बाईंच्या शेजारी बसली, शेगडीकडे पाठ करून. बाई काहीतरी सांगत होत्या, कुठल्याशा कवळीची जुनी गोष्ट. सगळे हसले तशी तीही हसली. तिची मान ताठ होती आणि कान मागे लागले होते. झाकण वाजलं. डाव खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही, आणि तिनं ओट्याची कड घट्ट धरली. मागे बटण फिरल्याचा बारीक आवाज झाला, आणि अप्पांनी छोटीला ताटं घ्यायला बोलावलं.